तुझ्या पुरस्काराच्या दिवशी गोळ्या नव्हत्या

नंदा,

तुझ्या शोकसभेत तुझ्या नावापेक्षा पुरस्काराचं नाव जास्त घेतलं गेलं. पहिला वक्ता उठला आणि म्हणाला, वैद्यकीय संशोधनाचा राष्ट्रीय पुरस्कार भंडाऱ्याच्या मातीत आणणारी कन्या गेली. दुसरा म्हणाला, पुरस्कारानं जिल्ह्याची मान उंचावली होती, ती आज खाली झाली. तिसऱ्यानं तुला 'डॉक्टर सुनीता' म्हटलं. मागून कुणी तरी खाकरलं तेव्हा त्यानं 'सुनंदा' केलं, पण पुरस्काराचं लांबलचक नाव मात्र न अडखळता पूर्ण घेतलं. पाठ करून आला असणार.

मंचामागे फ्लेक्स होता. त्यावर दिल्लीतला तोच फोटो, तू आणि मंत्री, मध्ये पदक. मंत्री कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत आणि तू त्यांच्याकडे बघून काही तरी बोलते आहेस, तोंड अर्धं उघडं. फोटो तसा चांगला नाही. तू काय बोलत होतीस, ते त्या अख्ख्या सभागृहात मला आणि तुझ्या मायलाच माहीत होतं.

मी रागात लिहिते आहे, हे आधीच सांगते. माझा राग तुला कधी आवडला नाही. मी तापले की तू पाण्याचा गिलास पुढे करायचीस. "पी आधी. तुह्या रक्ताले पाण्याची गरज जास्त हाये. भांडण मंग कर." आता गिलास पुढे करणारं कोणी नाही, म्हणून आधी भांडण.

मोहाडीच्या शाळेत आपण एका बाकावर होतो. थंडी सुरू झाली की माझी जागा रिकामी राहायची. हाडं आतून कोणी पिरगाळावी तशी दुखायची, डोळे पिवळे व्हायचे, आणि माझी आजी म्हणायची, पोरीला बाहेरचं झालं. पोटावर डाग दिले होते मला, तापलेल्या लोखंडाचे. अजून आहेत. वर्गात बाकीच्या पोरी म्हणत, पुष्पी ढोंग करते, अभ्यास नको म्हणून. तू एकटीच संध्याकाळी वह्या घेऊन घरी यायचीस आणि माझ्या खाटेवर बसून विचारायचीस, "आज कुठं दुखते? काल जिथं दुखे तिथंच का दुसरीकडं?" मला वाटायचं, मैत्रीण काळजी करते आहे. आता वाटतं, तू तेव्हापासूनच तपासत होतीस.

मेडिकलला लागल्यावर पहिल्याच सुट्टीत तू माझं रक्त घेऊन गेलीस, आणि दुसऱ्या सुट्टीत मला तलावाच्या पाळीवर नेऊन बसवलंस.

"डॉक्टर म्हणते तसा तुले संधिवात नाही वं पुष्पा. बाहेरचंबी नाही. सिकलसेल म्हणतात याले. तुह्या रक्तातल्या गोल पेशी इळ्यासारख्या वाकतात आन् बारक्या नळ्यांत अडकतात. म्हून दुखते."

मी हसले. "म्हणजे धान कापाचा इळा माह्या आंगात?"

"हो."

"मंग बरी कशी होईन?"

"नाही होणार," तू म्हणालीस. "पण जगशील."

तशी तू. गोड बोलणं तुला कधी जमलं नाही. पुढे लोक मला कौतुकानं विचारायचे, तुमची मैत्रीण तुमच्या आजारामुळे डॉक्टर झाली का हो? मी हो म्हणायला तोंड उघडलं, तर तू शेजारून सांगायचीस, "नाही. मला गणित यायचं आणि बाबाला वाटायचं पोरगी शिकावी, म्हणून झाले." शोकसभेत एकानं तीच गोष्ट सांगितली, बालमैत्रिणीच्या वेदनेतून जन्मलेलं संशोधन वगैरे. तू असतीस तर भर सभेत त्याला दुरुस्त केलं असतंस.

शिकून तू परत आलीस तेव्हा गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा होऊन काही वर्षं झाली होती. नागपूरला जागा मिळत असताना तू तालुक्याचा दवाखाना मागून घेतलास. त्या दवाखान्याचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर लोक म्हणतील, त्या एकाच ठिकाणची गोष्ट आहे. आणि तशी ती नाही, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

तू शनिवारचा दवाखाना सुरू केलास. त्या दिवशी फक्त आम्ही. पिवळ्या डोळ्यांचे, पायाला न भरणाऱ्या जखमांचे, वयाच्या मानानं लहान दिसणारे. पहिल्यांदा कळलं की मी एकटी नाही. नाकाडोंगरीकडून जंगलातल्या वाटेनं लोक येत, नदीपलीकडून येत. एकदा खिडकीवरचा बाबू एका बाईला परत पाठवत होता. तिचं गाव आता दुसऱ्या जिल्ह्यात गेलं होतं. "तुमचा जिल्हा अलग झाला, तिकडं जा," म्हणत होता. तू आतून उठून आलीस, त्या बाईचा हात धरून त्याच्यासमोर उभी केलीस आणि म्हणालीस, "हिच्या रक्तात जिल्ह्याचा शिक्का कुठं हाये ते दाखव मले. मंग पाठवतो परत." बाबू काही दिवस तुझ्याशी बोलला नाही. बाईला गोळ्या मिळाल्या.

तुझं संशोधन म्हणजे काय होतं, हे मी माझ्या शब्दांत सांगते, कारण सभेत ते कुणालाच नीट सांगता आलं नाही. दुखण्याचे झटके कमी करणारी गोळी आधीपासून होती, ती काही तू शोधली नव्हतीस. पण मोठ्या गावातले डॉक्टर ती खेड्यातल्या पेशंटला द्यायला घाबरत. सारख्या रक्ताच्या तपासण्या कोण करणार, कोण येणार दर वेळी? तू कमी मात्रेत द्यायला लागलीस, आणि आम्ही दर महिन्याला येतो का, रक्त बिघडतं का, झटका कधी येतो, हे वर्षानुवर्षं बघत राहिलीस. धानाच्या रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या, दिवसांत आमच्यातल्या बाया जास्त आजारी पडतात, हे तुला दवाखान्यात बसून कळलं नाही. तू शेताच्या धुऱ्यावर उभी राहून बघितलंस. दिवसभर थंड चिखलात पाय, कंबर वाकलेली, पाणी प्यायला सवड नाही. घरचे म्हणत, कामचोर हाये, रोवणा आला की हिले ताप येते. तू सासवांना बोलावून समजावलंस, नवऱ्यांना धारेवर धरलंस. हे सगळं तू लिहिलंस, बाहेरच्या डॉक्टरांनी वाचलं, आणि ते पटलं.

आमच्यात एक रेखा होती, नाकाडोंगरीची. बारावीला होती, आणि तोंडाची फटकळ. तिनं तुला एकदा विचारलं, "मॅडम, तुमच्या पेपरात माहं नाव हाये का?"

"पेपरात पेशंटचं नाव नसते, बाई. नंबर असते."

"मंग फोटो तरी टाका ना. नंबरानं कोण वळखन मले?"

तू इतकी हसलीस की तुझा चष्मा खाली आला.

पुरस्काराची बातमी आली तेव्हा मी शिकवायला शाळेत होते. मास्तर लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. संध्याकाळी भंडाऱ्याजवळ शहापूरला तुझ्या नव्या घरी पेढे घेऊन आले, तर तू ओसरीत बसून फोनवर कुणाला तरी ओरडत होतीस. त्या दिवसांत गोळ्या येणं बंद झालं होतं. कोणी म्हणे निविदा अडकली, कोणी म्हणे वरूनच माल नाही. तू फोन ठेवलास आणि माझ्या हातातल्या पेढ्यांच्या पुड्याकडे बघून म्हणालीस, "कायले आणलं?"

तिथे आपलं भांडण सुरू झालं, आणि ते आजपर्यंत मिटलेलं नाही.

मी म्हटलं, "घेऊ नको तो पुरस्कार. सांग त्याईले, आधी गोळ्या पाठवा, मंग पदक. साऱ्या देशात बातमी होईन."

"एक दिवस होईन. मंग?"

"मंग काय! लाज तरी वाटन."

"लाज वाटून माल येत नाही, पुष्पा. मी घेतो. तिथं मोठे लोक बसले असतात. दोन मिनिटं बोलाले भेटन, तेव्हा सांगतो."

तुझी माय, मी मावशीच म्हणते तिला, चुलीपुढे लाखोळीची भाजी निवडत होती. ती वर न बघता म्हणाली, "बोलू देतीन का पण तुले?"

मावशीला जे कळलं ते आपल्या दोघींना कळलं नाही.

दिल्लीला तू मायला आणि मला नेलंस. मावशीनं निळ्या काठाची पांढरी साडी नेसली होती. सकाळी रंगीत तालीम झाली. एक टापटीप बाई सगळ्यांना शिकवत होती. नाव पुकारलं की डावीकडून चढायचं, पदक घ्यायचं, कॅमेऱ्याकडे बघायचं, उजवीकडून उतरायचं. तू विचारलंस, "आणि बोलायचं कधी?" ती गोड हसली. "मॅडम, मानकऱ्यांचं भाषण नाही. वेळ नसतो."

दुपारी बसलो होतो तेव्हा तुझा फोन वाजला. रेखाचे बाबा. त्यांचा आवाज इतका मोठा की मलाही ऐकू येत होता. "मॅडम, आजबी गोळ्या नाही म्हणून राह्यले. पोरगी दुखण्यानं वरडून राह्यली. काय करू?" तू त्यांना सांगितलंस, तिला पाणी पाजत राहा, ऊब द्या, ताप आला तर थांबू नका, थेट भरती करा. फोन ठेवून तू साडीच्या निऱ्या सारख्या केल्यास, उगाच. निऱ्या ठीकच होत्या.

मग तुझं नाव पुकारलं. एका बाईनं इंग्रजीत आणि हिंदीत तुझं काम वाचून दाखवलं. त्यात आम्ही होतो. 'मागास व दुर्गम भागातील रुग्ण' असे होतो. तू डावीकडून चढलीस. मंत्र्यांनी पदक दिलं, हात पुढे केला. तू हात धरलास आणि सोडला नाहीस. आम्ही खालून बघत होतो, तुझे ओठ हलत होते. त्यांनी मान डोलावली, हसले, कॅमेऱ्याकडे वळले. तू अजून बोलतच होतीस. मग मागून कुणी तरी तुझ्या कोपराला हात लावला आणि तू उजवीकडून उतरलीस.

खाली आल्यावर मावशीनं विचारलं, "काय म्हणे तू त्याईले?"

"म्हटलं, सर, ज्या गोळीसाठी हे देऊन राहिले, ती गोळी आज आमच्या दवाखान्यात नाही."

"मंग ते काय म्हणे?"

"व्हेरी गुड, व्हेरी गुड म्हणे."

मावशीनं पदक हातात घेऊन बघितलं आणि परत तुझ्याकडे दिलं. परतीच्या गाडीत मी पुन्हा तोंड उघडलं, "सांगतलं होतं ना तुले!" आणि तू खिडकीकडे तोंड करून म्हणालीस, "सांगतलं होतं. आता झोप."

नंदा, त्यानंतरचे सत्कार आठवले तरी माझं डोकं उठतं. दर आठवड्याला शाल, दर आठवड्याला नारळ. ज्यांनी तुझ्या एका अर्जाला उत्तर दिलं नव्हतं ते तुझ्या शेजारी उभे राहून फोटो काढत होते. तू प्रत्येक ठिकाणी गोळ्यांचं बोलायचीस, आणि प्रत्येक ठिकाणी टाळ्या पडायच्या. टाळ्या! जणू तू कविता म्हणत होतीस. आणि मग तुझ्या योग्यतेचा मान म्हणून त्यांनी तुला आमच्यापासून उचललं. राज्याच्या सल्लागार समितीवर, नागपुरात प्रतिनियुक्ती. इतकी मोठी डॉक्टर तालुक्यात कशी ठेवायची?

मी म्हटलं, जाऊ नको. तू म्हणालीस, आतून ढकललं तर एका दवाखान्याचं नाही, साऱ्या जिल्ह्यांचं काम होईल. तुझं म्हणणं मूर्खपणाचं नव्हतं, हे मी आज कबूल करते. पण तुझ्या जागी कोणी आलं नाही. शनिवारच्या खोलीला कुलूप लागलं. पुढे त्यात जुन्या खाटा आणि मोडकी कपाटं टाकली. गोळ्या कधी यायच्या, कधी नाही, आणि आल्या तरी द्यायचा अधिकार कुणाला हे कुणालाच माहीत नव्हतं. तिकडे तुला एसीची खोली होती. तू फोनवर म्हणालीस, "पुष्पा, इथं साऱ्या दिवसात एकबी पेशंट दिसत नाही वं. हात कामाचे नाही राह्यले असं वाटते."

त्या पावसाळ्यात रेखा गेली. गोळ्या बंद होत्या, रोवण्याला माणसं कमी होती, आणि तिला मधे बरं वाटत होतं, म्हणून ती धानाच्या बांधीत, चिखलात, उतरली. ताप आला, छातीत दुखायला लागलं, आणि नागपूरला नेताना वाटेतच संपलं.

आपण दोघी नाकाडोंगरीला गेलो. तिच्या बाबांनी तुला जयभीम केला, बसायला खाट टाकली, पाणी दिलं. काही विचारलं नाही. ते विचारते तर बरं झालं असतं. परत येताना गाडीत मी फुटले. "गोळ्यांनी वाचली असती ती. पुरस्कारानं मारलं तिले. तुले उचलून नेलं नसतं तर रेखा आज असती."

तू गाडी चालवत होतीस. हळू आवाजात म्हणालीस, "एकामागून एक झालं म्हून एकामुळं दुसरं झालं असं नाही म्हणता येत, पुष्पा. गोळी घेऊनबी काही लोक जातात. एका पोरीवरून..."

"तू तिची डॉक्टर होती का परीक्षक?"

शहापूर येईपर्यंत तू समोरच्या रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिलीस. मला वाटलं, आपली मैत्री त्या रस्त्यावर कुठे तरी पडली.

पण पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर माझ्या मुलीनं मला सांगितलं, नंदा मावशी दवाखान्यात आली आहे. मी धावत गेले. धावणं मला मना आहे, तरी गेले. तू कुलूप उघडून घेतलं होतंस, खाटा स्वतः ओढून बाजूला केल्या होत्यास, आणि अंगभर धूळ घेऊन रक्तदाबाचं मशीन टेबलावर मांडत होतीस. मला बघून एवढंच म्हणालीस, "फोन कर साऱ्याईले." समितीची नोकरी पाच दिवस नागपुरात, आणि शनिवार तुझ्या सुट्टीचा. तो तू आम्हाला दिलास. कुणाचा आदेश नव्हता. गोळ्या तू कुठून कुठून गोळा करून आणायचीस, ओळखीच्या डॉक्टरांकडून, संस्थांकडून, आणि तरी रुसून म्हणायचीस, "हे काही खरं नाही. सरकारी फळीवरून मिळाली पाह्यजे. माह्या पिशवीतून नाही."

तुला कुणी तरी विचारलं होतं, मॅडम, लग्न नाही केलं का? तू म्हणालीस, शनिवारी सवड नसते. माझ्या लग्नाला मात्र तू सवड काढली होतीस. आपल्याकडे पत्रिका बघत नाहीत, पण तू रक्त बघितलंस. मुलगा बघायला आला तेव्हा त्याचा चहा संपायच्या आत तू त्याचा हात धरून सुई टोचलीस, आणि त्याच्या काकाला म्हणालीस, "याचं रक्त साफ निघालं तरच साखर वाटाची." त्याचं साफ निघालं. माझी मुलगी जन्मली तेव्हा तू माझ्या उशाशी होतीस, तिला त्रास होणार नाही हे तुझ्याच तोंडून कळलं. लहानपणी एका डॉक्टरनं माझ्या बाबांना सांगितलं होतं, ही विशी बघणार नाही. आज माझी मुलगी विशीची आहे, नंदा. मी तुला कधी धन्यवाद म्हटलं नाही. मैत्रिणीला कोण म्हणतं आपल्याकडे? म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, ताप तर नाही ना तुले.

गेल्या महिन्यात, धान गिरणीला जायच्या दिवसांत, शनिवारचे पेशंट संपवून तू शहापूरला मायकडे जेवलीस आणि दिवस कलताना नागपूरला निघालीस. हायवेवर पोत्यांनी भरलेली ट्रॉली उभी होती. मागे ना दिवा, ना लाल कापड. तुझी गाडी तिच्यावर गेली.

आता सांग. तुला नागपूरला नेलं नसतं, तर तू त्या रस्त्यावर होतीस का? तू म्हणशील, एकामागून एक झालं म्हणून. म्हण. मला पुरावा नको आहे. माझी मैत्रीण गेली आहे, मी पेपर लिहीत नाही. तरी खरं सांगते, हे वाक्य लिहितानासुद्धा हात थांबतो, तू खोडशील म्हणून. तू खोडावंस असं फार वाटतं.

तर शोकसभा. मावशीला मंचावर हार घालून गादीच्या खुर्चीत बसवलं होतं. आम्ही पेशंट मागच्या खुर्च्यांवर होतो. रेखाचे बाबा आले होते. शेवटी जिल्ह्याच्या आरोग्य विभागाचे मुख्य साहेब उठले. त्यांनी जाहीर केलं की तुझी स्मृती चिरंतन राहावी म्हणून दरवर्षी तुझ्या नावानं आरोग्यसेवेचा पुरस्कार देण्यात येईल. टाळ्या पडल्या. मग सूत्रसंचालक म्हणाला, आता एक लाभार्थी मनोगत व्यक्त करतील, श्रीमती पुष्पा.

लाभार्थी! बालवाडीपासून ओळखते मी तुला, आणि मी लाभार्थी.

मी घरून चांगलं लिहून आणलं होतं. ते वाचलं नाही. माईक धरला आणि म्हटलं, "साहेब, पुरस्कार मंग ठेवा. शनिवारचा दवाखाना बंद पडला हाये. तो कधी सुरू होते, तेवढं सांगा."

साहेब बसल्या जागेवरून म्हणाले, "ताई, हा दुःखाचा प्रसंग आहे. प्रशासकीय विषय आपण नंतर..."

"दुःखच करून राहिलो, साहेब. थंडी लागली. आमचे दुखाचे दिवस हेच हायेत."

"प्रक्रिया सुरू आहे."

"कोणत्या शनवारी संपन?"

सूत्रसंचालक माझ्या हातातून माईक घ्यायला आला. तेव्हा मागे रेखाचे बाबा उभे राहिले. त्यांच्या शेजारची बाई उठली. मग एकेक करून सगळे. ज्यांना उभं राहणं जमत नव्हतं ते खुर्चीची पाठ धरून उभे होते. साहेब म्हणाले, बसा बसा, दोन मिनिटं श्रद्धांजली वाहायची आहे. कोणी बसलं नाही. मंचावरच्या पाहुण्यांना वाटलं श्रद्धांजली सुरूच झाली, म्हणून तेही हात बांधून उभे राहिले. नंदा, तू असतीस तर हसू आवरलं नसतं तुला.

आणि मग तुझी माय उठली. गळ्यात घातलेला हार तिनं काढून खुर्चीवर ठेवला, पायऱ्या उतरून खाली आली, आणि आमच्यात येऊन उभी राहिली. वर बघून तिनं विचारलं, "येत्या शनवारी होईन का नाही, सांगा. मले घरी जाचं हाये."

साहेबांनी शेजारच्याच्या कानात काही विचारलं, त्यानं आणखी कुणाला फोन लावला. मग ते म्हणाले, "येत्या शनिवारपासून होईल."

आणि झालं. हेच मला सहन होत नाही, नंदा. झालं! शनिवारी कुलूप उघडलेलं होतं. नव्यानं नेमलेली एक डॉक्टर होती, भंडाऱ्याचीच पोरगी, तुझे पेपर वाचलेली. फळीवर गोळ्यांचे डबे होते, सरकारी शिक्क्याचे. एका आठवड्यात आले. म्हणजे कुठे तरी होते. इतके दिवस कुठे तरी बसले होते ते डबे. तू मंत्र्यांचा हात धरून उभी होतीस तेव्हाही बसले असतील, रेखा बांधीत उतरली तेव्हाही. मला आनंद व्हायला हवा होता. मी त्या फळीकडे बघितलं आणि इतका राग आला की भिंतीला धरून उभी राहिले.

मावशी त्या दिवशी सकाळच्या बसनं शहापूरहून आली होती. कुणी बोलावलं नव्हतं. बाहेरच्या बाकावर पाय वर घेऊन बसली. पेशंट यायला लागले, तसा जो येईल तो आधी तिच्याकडे वळू लागला. बाया रडत होत्या, पुरुष वाकून तिच्या पायाला हात लावत होते, एकीनं तर डोकंच टेकवलं. दाराशी गर्दी झाली आणि आत ती नवी डॉक्टर रिकामी बसून राहिली.

मावशीनं थोडा वेळ सहन केलं. मग पाय खाली सोडले, लुगडं सारखं केलं, आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात खेकसली, "माह्या पाया कायले पडता? लायनीत लागा!"

आम्ही लागलो.